कुप्रसिद्ध कोण आणि बदनाम कोण?

'प्रसिद्ध दरोडेखोराला अटक' असा मथळा उद्या कुणी छापला, तर मराठी वाचक क्षणभर थबकेल. माणूस सगळ्यांना माहीत आहे, व्याकरणही ठीक आहे, तरी कुठेतरी खटकतं. कारण 'प्रसिद्ध' म्हटलं की त्यासोबत थोडा मान येतोच. प्रसिद्ध गायिका, प्रसिद्ध वैद्य, प्रसिद्ध मिसळ. दरोडेखोराला तो मान द्यायचा नसतो, म्हणून शब्दाच्या आधी एक 'कु' लावायचा. कुकर्म, कुसंगत, कुचेष्टा या शब्दांत जो 'कु' आहे, तोच इथेही. 'ख्यात'ला लावला की झालं कुख्यात, 'प्रसिद्ध'ला लावला की झालं कुप्रसिद्ध.

हा 'कु' प्रसिद्धी काढून घेत नाही, ती वाईट आहे एवढंच सांगतो. ज्याला कुणी ओळखत नाही तो अप्रसिद्ध. ज्याला सगळे ओळखतात, पण वाईट कारणामुळे ओळखतात, तो कुप्रसिद्ध. शाळेत 'इन्फेमस' या इंग्रजी शब्दाशी पहिली गाठ पडते तेव्हा अनेक मुलं त्याचा अर्थ 'अप्रसिद्ध' असा लावतात, कारण सुरुवातीचा 'इन' त्यांना नकारार्थी वाटतो. मराठीत 'अ' आणि 'कु' वेगळे असल्यामुळे हा गोंधळ होत नाही.

कुप्रसिद्ध आणि कुख्यात हे दोन्ही शब्द कोशात जवळजवळ एकाच अर्थाने सापडतात, पण वापरात त्यांची वाटणी झालेली आहे. 'कुख्यात' हा बहुतेक वेळा गुन्हेगारीच्या बातमीत भेटतो: कुख्यात गुंड, कुख्यात तस्कर, कुख्यात टोळी. 'कुप्रसिद्ध' त्याहून मोकळा आहे. तो जागेला लागतो, कायद्याला लागतो, एखाद्या कालखंडालाही लागतो. अंदमानच्या सेल्युलर जेलला कुप्रसिद्ध म्हणतात, नाझींच्या छळछावण्यांना म्हणतात, घाटातल्या अपघाती वळणालाही म्हणतात. 'कुख्यात वळण' असं मात्र सहसा कुणी लिहीत नाही. शिवाय या विशेषणाला कारण जोडायचं असेल तर 'बद्दल' किंवा 'मुळे' वापरावं. अमुक खातं 'लाचखोरीसाठी कुप्रसिद्ध आहे' असं हल्ली सर्रास छापलं जातं, पण ते 'साठी' इंग्रजीतून आलेलं आहे. लाचखोरीबद्दल कुप्रसिद्ध, हे वळण मराठी.

खरा फरक आहे तो या दोघांत आणि 'बदनाम'मध्ये. 'तो निष्कारण बदनाम झाला' हे वाक्य कानाला सरळ वाटतं. आता तिथे 'तो निष्कारण कुप्रसिद्ध झाला' असं म्हणून पाहा. वाक्य अडखळतं. कारण कुप्रसिद्ध म्हणताना त्या माणसाने वाईट काही केलंय हे आपण गृहीत धरलेलं असतं. बदनाम म्हणताना तसं धरावं लागत नाही. बदनाम निरपराधही असू शकतो. 'त्याला बदनाम केलं' म्हणता येतं, म्हणजे करणारा कुणी दुसरा असतो. 'त्याला कुप्रसिद्ध केलं' हे क्वचितच कुणी म्हणेल. एका शब्दात दोष माणसाच्या कृत्यात आहे, दुसऱ्या शब्दात तो लोकांच्या जिभेवर असू शकतो. लिहिणाऱ्याने या दोहोंतला कोणता शब्द निवडला, यावरून त्याने मनाशी निकाल दिलाय की नाही ते कळतं.

'बदनाम' आपल्याकडे फारसीतून आला. बद म्हणजे वाईट, नाम म्हणजे नाव. अब्रू हीदेखील फारसीचीच: आब म्हणजे पाणी किंवा तेज, रू म्हणजे चेहरा, आणि दोन्ही मिळून आबरू, चेहऱ्यावरचं पाणी. ते उतरलं की बेअब्रू. मराठीने पुढे या शब्दांची आपल्या शब्दांशी सोयरीक लावली. 'बदलौकिक' पाहा: पुढचा तुकडा फारसी, मागचा संस्कृत. त्यातला 'लौकिक' आपण नावलौकिक या अर्थाने वापरतो. संस्कृतात आणि हिंदीत त्याचा अर्थ 'या जगातलं, ऐहिक' असा आहे. म्हणजे लोकांत असतं ते लौकिक, आणि लोकांत असतं ते नाव, असा प्रवास मराठीने आपल्या आपण केला.

याहून मोठं स्थित्यंतर 'यश' या शब्दाचं झालं. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती, आणि अपयश म्हणजे दुष्कीर्ती. हिंदीत आजही 'अपयश' बदनामीच्या अर्थाने वापरतात. मराठीत यश म्हणजे काम फत्ते होणं आणि अपयश म्हणजे ते फसणं. परीक्षेत अपयश आलं म्हणून कुणाची दुष्कीर्ती होत नाही, तरी मराठी घरांत निकालाच्या दिवशी जी मान खाली जाते तिच्यात शब्दाचा जुना अर्थ अजून शिल्लक असावा, असं मला वाटतं. मुलांच्या बाबतीत तरी हे दोन अर्थ आपण निग्रहाने वेगळे ठेवायला हवेत.

बाकीच्या शब्दांचीही आपापली जागा आहे. अपकीर्ती व्हायला आधी कीर्ती असावी लागते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात युद्धाला नकार देणाऱ्या अर्जुनाला कृष्ण नेमकी हीच भीती घालतो: मान मिळवलेल्या माणसाला अकीर्ती मरणाहून जड. नाचक्की ही प्रसंगाची असते, चारचौघांत होते आणि कधीकधी आठवड्यात विसरलीही जाते. नामुष्की 'ओढवते', आणि बहुधा ती माघार घेण्याची, माफी मागण्याची, राजीनामा देण्याची असते. बोभाटा गावभर होतो. छी-थू लोक तोंडावर करतात. 'नाव' या साध्या शब्दाभोवतीची वळणं तर परक्या माणसाला चक्रावून टाकतील. पोराने बापाचं नाव काढलं म्हणजे भलं केलं. नाव घालवलं म्हणजे बट्टा लावला. आणि नावं ठेवली म्हणजे दोष काढले.

बातमीदारीत आणखी एक शब्दसंच आहे. नामचीन गुंड, सराईत चोर, अट्टल दरोडेखोर, रेकॉर्डवरचा गुन्हेगार. हे एकाच माळेचे मणी समजून वापरले जातात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. सराईत म्हणजे सरावलेला, हात बसलेला; सराईतपणे गाडी चालवणाऱ्याचं आपण कौतुकच करतो. सराईत गुन्हेगार म्हणायचं तर त्याने ते कृत्य पुन्हा पुन्हा केलेलं असायला हवं. रेकॉर्डवरचा म्हणजे पोलिसांच्या दफ्तरी ज्याची नोंद आहे तो, आणि नोंद असणं म्हणजे गुन्हा शाबित होणं नव्हे. तडीपार हा तर सरळ कायद्यातला शब्द. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 55 ते 57 खाली माणसाला हद्दपार करता येतं, आणि कलम 56 साठी आधी शिक्षा झालेली असण्याची अट नाही. म्हणून 'तडीपार' एवढ्यावरून कुणाला 'कुख्यात' म्हणणं ही लिहिणाऱ्याने स्वतःच्या पदरची घातलेली भर असते.

अशी पदरची भर पडत गेली की काय होतं, याचं मराठीतलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे आनंदीबाई.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारदी शिपायांनी खून केला. त्यांचे बंधू थोरले माधवराव पेशवे जाऊन वर्षही झालं नव्हतं. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते आणि नारायणरावांना पकडून आपली सुटका करून घेण्याच्या कटात ते सामील होते. खुनानंतर ते पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी ठरवलं आणि दरबार सोडला. इथवरची हकीकत इतिहासात पक्की बसलेली आहे.

पण मराठी माणसाला यातलं सगळ्यात आधी काय आठवतं? 'ध' चा 'मा'. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत 'नारायणरावास धरावे' असं होतं आणि रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही कथा. ती इतकी खोल रुजली की 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच झाला. कागदपत्रातली कुठलीही मतलबी खाडाखोड आपण याच शब्दांनी सांगतो. 1909 साली खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' हे नाटक आलं, 1944 साली प्रभातचा 'रामशास्त्री' हा चित्रपट आला, आणि हा प्रसंग घराघरांत पोहोचला. वाक्प्रचाराला पुरावा लागत नाही. तो रोजच्या वापरावर जगतो.

बदललेली ती चिठ्ठी मात्र आज कुणालाही पुराव्यादाखल समोर ठेवता येत नाही. खुनाच्या कटात मोठमोठे पुरुष होते, हत्यारं चालवणारे गारदी होते, त्यांच्या मागण्या आणि पैशाचे व्यवहार होते. त्या सगळ्यांची नावं आज इतिहासाच्या अभ्यासकाला सांगावी लागतात. बाईचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. 1783 साली रघुनाथराव वारले, त्यानंतरची वर्षं आनंदीबाईंनी पुणे दरबाराच्या पहाऱ्यात काढली आणि 1794 साली त्या गेल्या. त्यांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. महत्त्वाकांक्षी नवऱ्याच्या राजकारणात त्या होत्याच. पण जे एक कृत्य त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं, त्याच कृत्याचा पुरावा सर्वांत लंगडा आहे. रघुनाथरावांना कुप्रसिद्ध म्हणायला रामशास्त्र्यांच्या निकालाचा आधार आहे. आनंदीबाईंसाठी नेमका शब्द 'बदनाम' हाच आहे, आणि पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी, नाटकं करणाऱ्यांनी तोच वापरावा असं मला मनापासून वाटतं.

नाव एकदा चिकटलं की निघत नाही, हे खेड्यातल्या माणसाला कोशांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. 'एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं' असं म्हणतात. कानफाटे म्हणजे नाथपंथी जोगी, दीक्षा घेताना कान फाडून त्यांत मुद्रा घालणारे. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ हे नाथ परंपरेतलेच. त्या परंपरेच्या खुणेवरून आलेला शब्द पुढे नकोशा नावाचा नमुना झाला. म्हणीतही एका पंथाचंच नाव पडलं आहे, एकट्या माणसाचं नाही. आणि वाईट लौकिकाचा सगळ्यात भयंकर प्रकार तोच: समूहाचा.

प्राचीन रोमच्या कायद्यात 'इन्फामिया' नावाची एक स्थिती होती. ती ज्याच्या वाट्याला येई त्याचे काही नागरी हक्कच जात, आणि काही धंद्यांतल्या माणसांना, म्हणजे नटांना, ग्लॅडिएटरांना, ती धंद्यामुळेच चिकटे. इंग्रजीतला 'इन्फेमस' त्याच कुळातला. म्हणजे वाईट नाव ही तिथे लोकांची कुजबुज नव्हती, सरकारदरबारची नोंद होती. आपल्याकडे ही गोष्ट 1871 साली आली. इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट' केला आणि स्थानिक सरकारला एखादी जमातच्या जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही त्याची कक्षा पोहोचली, 1924 साली तो नव्याने बांधला गेला. जाहीर झालेल्या जमातीतल्या माणसांनी नावनोंदणी करायची, हजेरी द्यायची, परगावी जायचं तर पास घ्यायचा. आणि सर्वांत कठोर तरतूद अशी की सरकारची ती अधिसूचना बरोबर की चूक, हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला नव्हता.

पारधी, कैकाडी, मांग गारुडी, टकारी अशा महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांच्या वाट्याला हे आलं. सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी वसाहत उभारली गेली. तो भाग शहरात आजही 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो. तिथे जन्मलेलं मूल बोलायला लागण्याआधीच गुन्हेगार ठरत असे. कुप्रसिद्धीला कृत्य लागतं, असं वर म्हटलं. या कायद्याने कृत्याची गरजच काढून टाकली.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणूनच हे समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात आणि त्यांना 'विमुक्त' म्हणतात. कागदावरचं नाव गेलं. लोकांच्या तोंडचं राहिलं. गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर, हे अजूनही थांबलेलं नाही. याच समाजांतल्या लक्ष्मण माने यांचं आत्मकथन 'उपरा' 1980 साली आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' 1987 साली. जगाने ज्या शब्दाने हिणवलं, तोच शब्द गायकवाडांनी आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर छापला आणि आपली बाजू सांगितली. 1988 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाईट नावाला माणूस कसा भिडू शकतो, याचं याहून प्रामाणिक उत्तर मराठीत मला माहीत नाही.

उलट बाजूने, चांगल्या नावाला कायदा संरक्षणही देतो. 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 499 अब्रुनुकसानीचं. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 ने घेतली. या तरतुदीची दोन स्पष्टीकरणं लोकांना फारशी ठाऊक नसतात. मृत माणसावर केलेला आरोपही अब्रुनुकसानी ठरू शकतो, जर तो माणूस जिवंत असता तर त्या आरोपाने त्याच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि तो आरोप जवळच्या नातलगांना दुखावण्याच्या हेतूने केला असेल. आणि कंपनी, संघटना किंवा माणसांचा समूह, यांचीही अब्रुनुकसानी होऊ शकते. शिवाय आरोप खरा असणं एवढंच बचावाला पुरत नाही. तो मांडणं लोकांच्या हिताचं होतं, हेही दाखवावं लागतं.

मराठी वृत्तपत्रसृष्टी या कायद्याशी फार लवकर भिडली. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय अशा समजुतीने केसरी आणि मराठा या वृत्तपत्रांनी तिथले कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रं छापली. ती पत्रं बनावट निघाली. 1882 च्या जुलैत त्यांचे संपादक टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि प्रत्यक्षात 101 दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. कोर्टाच्या दृष्टीने त्यांनी दुसऱ्याचं नाव खराब केलं होतं. लोकांनी मात्र तुरुंगाबाहेर आल्यावर त्यांचं जंगी स्वागत केलं आणि तिथून त्यांचं नाव वाढतच गेलं. कैद होऊनही माणूस कुप्रसिद्ध होत नाही, आणि कधीच कैद न होताही होतो. शेवटी ते ठरतं माणूस काय करत होता आणि कुणासाठी, यावर. पण बर्वे यांच्या बाजूनेही हा प्रसंग वाचायला हवा. हेतू कितीही चांगला असो, न तपासलेल्या कागदाच्या आधारे छापलेलं नाव त्यांचं होतं.

आज तपासायला तेवढीही सवड कुणी घेत नाही. संशयिताला पकडलं की संध्याकाळी तो 'कुख्यात' झालेला असतो, व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो फिरत असतो. काही वर्षांनी तो सुटला तर ती बातमी आतल्या पानावर चार ओळींची. 'पारधी टोळी जेरबंद' असा मथळा आजही वाचायला मिळतो. त्या टोळीतल्या चार जणांनी गुन्हा केला असेल, तर त्या चौघांची नावं छापावीत, कलमं छापावीत. जात छापण्याचं काहीही कारण नाही.

पत्रकारांना, शिक्षकांना आणि गटावर मजकूर पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला म्हणून एकच विनंती. 'कुख्यात' किंवा 'कुप्रसिद्ध' लिहिण्याआधी ते कृत्य आणि त्यावरचा निकाल एका वाक्यात सांगता येतो का ते पाहा. येत असेल तर विशेषण खुशाल वापरा. येत नसेल तर 'आरोपी' लिहा, 'संशयित' लिहा, किंवा नुसतं नाव लिहा. कारण एकदा लिहिलेलं नाव सहज पुसलं जात नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, तुरुंगांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आणि विमुक्त समाजांतल्या माणसांना केवळ जन्मावरून 'सराईत गुन्हेगार' मानायला मनाई केली. म्हणजे 1952 साली रद्द झालेलं नाव तुरुंगांच्या नियमांतून काढायला आणखी 72 वर्षं लागली.